तीन वेढ्यांची बाटली

१५ जानेवारी १९९७, बुधवार

या वहीची माफी मागायला हवी. मागचं पान सप्टेंबर पंच्याण्णवचं आहे. सोळा महिने. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, असं कारण द्यावंसं वाटतं, पण ते खरं नाही. आळस केला. एकोणीस वर्षं लॅबच्या नोंदवहीत एक अक्षर चुकू नये म्हणून जीव टाकते आणि घरी आल्यावर स्वतःच्या वहीकडे पाठ फिरवते.

आज बसले, कारण कमलच्या पोटात गाठ निघाली आहे.

काल उत्तरायण, इथली पतंगांची संक्रांत. मी नवागामला तिच्याकडे गेले होते. सगळी चाळ गच्चीवर, आणि ही खाली खाटेवर. म्हणाली, जिना चढवत नाही, पोट गच्च होतं. दोन महिने हेच सांगत होती आणि मी तिला ओवा खा म्हणत होते. बी.एस्सी. झालेली, रोज दुसऱ्यांचे कॅन्सर काचेवर बसवणारी बाई, आणि सख्ख्या बहिणीला ओवा. आज सोनोग्राफी करून घेतली. डावं अंडाशय नारळाएवढं झालंय.

आई गेली तेव्हा कमल सहा वर्षांची होती, मी पंधराची. तिच्या वेण्या मी घातल्या, लग्न मी लावलं. आता ती छत्तीसची आहे, आणि रिपोर्ट हातात घेऊन मला विचारते, "अक्का, तुला भीती वाटते का? मग मलाही वाटू दे थोडी."

तिचा नवरा लोटू यंत्रमागाच्या पाळीवरून आला. अंगावर सुताची कुसं तशीच. तो म्हणाला, "अक्का, मुंबईले लई जाऊत का?"

मी म्हटलं, मुंबईला कशाला न्यायचं? आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात वशीसाहेब आहेत. त्यांनी काढलेला अवयव माझ्या टेबलावर येतो तेव्हा मी सांगू शकते की हा त्यांचा हात. मला नोकरीला त्यांनीच लावलं. लोटूने मान हलवली. माझ्यापुढे तो नेहमीच गप्प बसतो.

२० जानेवारी, सोमवार

साहेबांनी कमलला तपासलं. गुरुवारी ऑपरेशन. मला बाजूला घेऊन नीट समजावलं. दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढायचं, आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढायचा, पोटातलं पाणी सिरिंजमध्ये तपासायला घ्यायचं. शिवाय पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने ज्या बारीक गाठी असतात, लिम्फ नोड, त्यातल्या काही काढायच्या. हा आजार तिथे लपतो. बाहेरून सगळं साफ दिसतं आणि एखाद्या वाटाण्याएवढ्या गाठीत तो बसलेला असतो. त्या तपासल्या नाहीत तर स्टेज ठरत नाही, आणि स्टेज ठरली नाही तर औषधाची सलाइनं द्यायची की नाही ते कळत नाही. तीन तास तरी लागतील म्हणाले.

लोटूला मी हे माझ्या परीने सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे कापड वरून बेस दिसस, पन आत तार तुटेल शे का ते पाहनं." याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

ऑपरेशन थिएटरच्या आया मालतीबाईंनी त्याला तीन बाटल्या आणायला सांगितल्या. आमच्याकडे हीच रीत आहे. बाटल्या पेशंटच्या घरच्या, त्यात फॉर्मलिन ओतून थिएटरमधून नातेवाइकाच्या हातात देतात आणि तो आवार ओलांडून लॅबमध्ये आणून ठेवतो. चूक होऊ शकते, हे मी कितीदा म्हटलंय. दोन वर्षांपूर्वी एका माणसाने बायकोच्या पोटातलं निघालेलं तापीच्या काठी पुरून टाकलं होतं. शरीराचा भाग काचेत ठेवू नये, मातीला द्यावा, म्हणून. मॅडम, म्हणजे आमच्या लॅबच्या डॉक्टर, त्याच्यावर इतक्या चिडल्या की तो रडायला लागला.

लोटूने संध्याकाळी तीन बाटल्या धुऊन आणल्या. लोणच्याची मोठी बरणी, बोर्नव्हिटाची मधली, आणि मधाची एक लहान, पत्र्याच्या झाकणाची. प्रत्येकीच्या गळ्याला मागावरचं लाल सूत. मोठीला एक वेढा, मधलीला दोन, लहानीला तीन. त्याला वाचण्याची सवय नाही. खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, सुताचे बीम ओळखायला ते असंच सूत बांधतात म्हणे.

त्याची आई मंगलाबाई बरण्यांकडे बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोटातलं काचेत कोंडू नये, लोट्या. मातीचं मातीला दे."

मी ऐकलं. लोटूने बरण्या पिशवीत भरल्या.

२३ जानेवारी, गुरुवार

झालं. देवाची कृपा आणि साहेबांचा हात. पावणेदहाला कमलला आत घेतलं, अकराला बाहेर. तीन तास म्हणाले होते, सव्वा तासात संपवलं. आज त्यांच्या पुतण्याचं लग्न नवसारीला, दुपारचा मुहूर्त, तरी कमलसाठी थांबले. बाहेर येऊन म्हणाले, "अनसूयाबेन, चिंता नहीं करवानी. बधुं साफ छे." सगळं साफ आहे, एवढं सांगून तसेच गाडीत बसले.

मी साडेअकरापर्यंत कमलपाशी होते. लॅबमध्ये गेले तर खिडकीच्या कट्ट्यावर मोठी बरणी आणि मधली, दोन्ही ठेवलेल्या. आवक वहीत नोंद केली. लहान बाटली, नोडची, मागून येईल असं वाटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

लहान बाटली आली नाही. थिएटरच्या मुख्य सिस्टरांकडे गेले. त्यांनी कमलची फाइल काढली. ऑपरेशनच्या नोंदीत स्वच्छ लिहिलंय: दोन्ही बाजूंचे लिम्फ नोड काढले, तपासणीस पाठवले.

म्हणजे बाटली थिएटरमधून निघाली. मग ती एक तर लोटूच्या हातून गेली, किंवा माझ्या. साडेअकराला कट्ट्यावर दोनच होत्या, हे मी शपथेवर सांगू शकते का? मन तेव्हा कमलपाशी होतं. संध्याकाळी सगळी कपाटं उघडून पाहिली. सिंकखालीही पाहिलं.

२९ जानेवारी, बुधवार

कमल उठून बसते. टाका दाखवला. बेंबीच्या बराच खाली, आडवा, वीतभरही नाही. म्हणते, "पाहा ना अक्का, ब्लाउजलासुद्धा एवढी बारीक शिलाई नसते. शिंप्याकडे जायच्याऐवजी तुझ्या साहेबाकडे जात जाईन." ती घरी साड्यांना टिकल्या आणि लेस लावण्याचं काम करते, तिला हात कळतो. मलाही बरं वाटलं. निऱ्यांच्या आत लपेल असा टाका.

३१ जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट झाला. कमलच्या स्लाइड मीच रंगवल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

डाव्या अंडाशयात कॅन्सर. हे मला काचेवर, मॅडमच्या आधी दिसलं. मला निदान करता येत नाही, तो माझा अधिकारही नाही, पण एकोणीस वर्षांनी डोळ्यांना काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. बाकी सगळं चांगलं. गाठीचं बाहेरचं आवरण शाबूत, उजवं अंडाशय साफ, चरबीचा पडदा साफ, पाण्यात काही नाही. शेवटची ओळ: लिम्फ नोड मिळाले नाहीत.

मॅडमनी सही करण्याआधी विचारलं, "टाका केवढा आहे?"

मी कौतुकाने सांगितलं. लहान, आडवा, बेंबीच्या खाली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केली. टाक्याचा रिपोर्टशी काय संबंध? कमलची काळजी वाटत असावी त्यांना. एरवी त्या असं वैयक्तिक विचारत नाहीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब म्हणतात पहिली स्टेज, सलाइनांची गरज नाही. मी नोडचं विचारलं. जरा कंटाळल्यासारखे झाले. "मी काढून दिले होते. हाताला तर सगळे नॉर्मल लागले. बाटली कुठे गेली ते तुमच्या माणसाला विचारा. ही माणसं काय काय करतात, तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. मीच त्यांना त्या तापीकाठच्या माणसाची गोष्ट सांगितली होती.

संध्याकाळी नवागामला गेले. लोटूला विचारलं. "अक्का, माले दोनच दिन्यात." मी म्हटलं, आठवून बघा लोटूभाऊ, लहान बाटली, तीन वेढे. "दोनच दिन्यात." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तेच म्हणून तो चहा तसाच ठेवून उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मंगलाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनाही तेच वाटत असणार.

खरा माणूस इतका का चिडेल? हा प्रश्न लिहून ठेवते. उत्तर आजच लिहू नये.

९ मार्च, रविवार

कमल पुन्हा टिकल्या लावायला बसली. वजन थोडं वाढलं. सुट्टी होती म्हणून लॅबमध्ये जाऊन जुन्या मेणाच्या ब्लॉकचं कपाट रिकामं केलं. बाटली नाही. पाच वर्षांपूर्वीची माझी हरवलेली छत्री सापडली.

१७ एप्रिल, गुरुवार

कमलचा डावा पाय सुजलाय. घोट्यापासून मांडीपर्यंत. तिने आठ दिवस सांगितलं नाही. म्हणते, बसून बसून झालं असेल. आज मी ओवा म्हटलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सीटी स्कॅन. कमरेच्या मणक्यापुढे, रक्तवाहिन्यांच्या कडेने गाठींचा पुंजका. डाव्या बाजूच्या शिरेवर दाब आलाय, म्हणून पाय.

साहेबांनी फिल्म प्रकाशात धरली. लोटू आणि मी उभे. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "ती बाटली वेळेवर लॅबमध्ये पोचली असती तर तेव्हाच कळलं असतं. मी तेव्हाच औषध सुरू केलं असतं." हे हिंदीत म्हणाले, लोटूला समजावं म्हणून. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

लोटू त्या फिल्मकडे बघत होता. त्याला तिथे काय दिसलं असेल कुणास ठाऊक. नमस्कार करून बाहेर आला आणि पायऱ्यांवर बसला.

साहेब आता मुंबईच्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलला चिठ्ठी देणार आहेत. मुंबई. जानेवारीत लोटूने तोच शब्द उच्चारला होता.

२० एप्रिल, रविवार

लोटू सकाळीच माझ्याकडे उधन्याला आला. एकटा असा तो कधी येत नाही. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्ची दिली तरी खाली बसला. मग म्हणाला, "अक्का, मी खोटं बोललो. ती बाटली मीच पुरली. तापीच्या काठी. आईने सांगितलं म्हणून."

शाळेत पाठ केलेलं म्हणावं तसं, एकेक शब्द नीट. घरात, रागात, झोपेतसुद्धा तो अहिराणी बोलतो. हे मात्र पुस्तकातल्या मराठीत बोलला. लाज वाटली असेल.

मी विचारलं, कुठे पुरली? "पुलाच्या खाली." कोणत्या? "मोठ्या." बाटली कशी होती? "मोठी बरणी."

मोठी बरणी तर माझ्या टेबलावर आली होती. मी तसं म्हटल्यावर गोंधळला. "मग लहान. लहानच असेल." घाबरून सगळं विसरलाय.

मग हात जोडून म्हणाला, "साहेबांना सांगा, माझी चूक झाली. पण कमलला औषध द्यायला सांगा. माझ्यावरचा राग तिच्यावर नको काढायला."

मी त्याला चहाही विचारला नाही. तीन महिने हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून दोनच दिन्यात, दोनच दिन्यात म्हणत होता आणि मी लॅबमधली फरशी उचकटायची बाकी ठेवली होती. मी स्वतःवर संशय घेतला. रोज घेतला. कमलची स्टेज, कमलची सलाइनं, कमलचे तीन महिने, सगळं याने वाळूत पुरलं आणि माझ्याकडे येऊन जेवला.

एवढी फसवणूक मला आयुष्यात कुणी केली नाही.

२१ एप्रिल, सोमवार

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "फाइलला लिहून लावा. मुंबईवाल्यांना उपयोग होईल." मी माझ्या हाताने लिहिलं: लिम्फ नोडची बाटली लॅबमध्ये जमा न करता पुरून टाकल्याचे पेशंटच्या पतीने माझ्यासमोर कबूल केले आहे. खाली सही, तारीख. साहेबांनी ते स्वतः टाचणीने लावलं आणि म्हणाले, "तुमच्यासारखी नोंद कुणी ठेवत नाही."

मॅडमनी तो कागद वाचला. काहीतरी बोलतील असं वाटलं. मग त्यांचा फोन वाजला.

२७ एप्रिल, रविवार

कमलशी भांडण. तिला मी आजाराचं नाव सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून होतं म्हणे. मी लोटूबद्दल बोलायला लागले तर म्हणाली, "त्याने नाही केलं."

"त्याने कबूल केलंय, कमल."

"तो काहीही कबूल करतो. भाजीत मीठ मी जास्त टाकते आणि आईपुढे 'मनाच हातून पडनं' म्हणत हा उभा राहतो. खात्यात कुणाची तार तुटली तरी शेठपुढे हाच. तू त्याला विचारलंस की दरडावलंस?"

"विचारलं."

"किती वेळा?"

मी पिशवी उचलली. ती म्हणाली, "माझ्या पोटातल्या होत्या त्या गाठी. मला कुणी विचारतच नाही."

तिला नवऱ्याची बाजू घ्यावीच लागणार. तरी मनाला लागलं. मी वाढवलेली पोर आणि तिने माझ्याकडे असं बघावं.

९ मे, शुक्रवार

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. दरवर्षी कमल माझ्याकडे येते, आमचं दोघींचं माहेर म्हणजे माझीच खोली. पुरणपोळी, आमरस. या वर्षी आली नाही. मीही गेले नाही. मंगलाबाईंची नात, लोटूची पुतणी, सांगत आली होती की लोटू आता घरात जेवत नाही, खात्यातच डबा मागवतो. मी म्हटलं, बरं.

मुंबईची तारीख १९ मे.

१३ मे, मंगळवार

नीट क्रमाने लिहिते. घाई करू नये.

दुपारी एक वाजता मी थिएटरच्या बाजूला रिपोर्ट द्यायला गेले. मागच्या बोळात मालतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, तळहातावर मिश्री घेत. लहान बाटलीतून. पत्र्याचं झाकण. बाटलीच्या गळ्याला लाल सूत होतं. रंग उतरलेला. मी वेढे मोजले. तीन.

मी विचारलं, "मालतीबाई, ही बाटली कुठली?"

"हे? हे कवाचीच आहे माह्यापाशी. तुमच्या बहिणीचं आपरेशन झालं ना, त्या दिवसाची."

"हिच्यात काय होतं?"

"काहीच नाही. कोरी वापस आली आतून. औषधबी नव्हतं टाकलं. सिस्टर म्हणे फेकून दे. मी म्हटलं, चांगली बाटली आहे, झाकण घट्ट बसते, कायले फेकू?"

मी विचारलं, "चार महिने सगळं हॉस्पिटल बाटली शोधतंय. तुम्ही बोलला नाहीत?"

त्या खरंच बुचकळ्यात पडल्या. "थे तर तुम्ही भरलेली बाटली शोधत होते ना, बाई. हे तर रिकामी." मग म्हणाल्या, "अन् मले कोनं इचारलं?"

कुणीच नाही. मी सिस्टरांना विचारलं, फाइलला विचारलं, स्वतःच्या कपाटांना विचारलं, लोटूला तर विचार विचार विचारलं. मालतीबाई रोज माझ्यासमोरून बादली घेऊन जात होत्या.

मी बाटली मागितली. त्या म्हणाल्या, न्या, पण मिश्री तरी देऊन जा. कागदावर ओतून दिली. नाकाशी धरली. फॉर्मलिनचा वास काचेतून वर्षभर जात नाही, हे मला नीट माहीत आहे. नुसता तंबाखूचा वास होता.

घरी येऊन ही वही मागे उलटली. २३ जानेवारी. पावणेदहाला आत, अकराला बाहेर. तीन तास म्हणाले होते, सव्वा तासात. माझंच अक्षर, आणि त्यात कौतुक. २९ जानेवारी, टाका. ३१ जानेवारी, मॅडमचा प्रश्न. २० एप्रिल, मोठी बरणी. सगळं मीच लिहून ठेवलंय, तारखेसकट, आणि एकदाही वाचलं नाही.

१४ मे, बुधवार

आधी मॅडमकडे गेले. बाटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, टाका केवढा आहे असं तुम्ही का विचारलं होतं?

त्यांनी दार लोटलं. म्हणाल्या, वरच्या रक्तवाहिन्यांकडच्या गाठींपर्यंत पोचायचं तर पोट उभं, बेंबीच्या वरपर्यंत उघडावं लागतं. तुम्ही सांगितला त्या टाक्यातून हात तिथे जाईल, पण गाठ काढता येणार नाही.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "माझ्याकडे पुरावा काय होता? आणि अनसूयाबेन, तुम्ही त्या टाक्याचं इतकं कौतुक करत होतात." हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही. त्याही इथे नोकरी करतात.

मग साहेबांकडे. त्यांनी बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली. "आमां शुं छे?"

"मिश्री होती, साहेब. त्याआधी काहीच नव्हतं."

ते हुशार आहेत. मला पुढे काही सांगावं लागलं नाही. बाटली ठेवून बराच वेळ टेबलावरच्या कॅलेंडरची पानं सरळ करत राहिले. मग म्हणाले, नोंद ज्युनियर लिहितो, फॉर्मवर तशी ओळच असते, तो भरून टाकतो. "मी हात फिरवला होता. काही लागलं नाही. सगळीकडे असंच लिहितात."

"तुम्ही म्हणालात, काढून दिले."

"तुमच्या माणसाने कबूल केलं ना? तुम्हीच लिहून दिलंत. तुमची सही आहे."

मी म्हटलं, हो. माझी सही आहे.

ते मऊ आवाजात म्हणाले, "ओगणीस वरस थयां, अनसूयाबेन. आता या गोष्टीने कमलचं काय भलं होणार? बाटली इथे ठेवून जा."

बाटली उचलून निघाले आणि हा प्रश्न मी उंबऱ्यापर्यंत प्रामाणिकपणे स्वतःला विचारला. भलं होणार का? मग पुन्हा मॅडमकडे जाऊन विचारला. त्या म्हणाल्या, होईल. गाठी काढूनही आजार परत आला, असं समजून मुंबईवाले एक ठरवतील. गाठींना कधी हातच लागला नव्हता, आजार पहिल्यापासून तिथेच होता, हे कळलं तर वेगळं ठरवतील. कदाचित औषध देऊन राहिलेलं ऑपरेशन पूर्ण करतील. किती फरक पडेल ते सांगता येत नाही, पण खोट्या फाइलवर ते बरोबर ठरवू शकणार नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या अक्षरात मुंबईला पत्र लिहिलं: लिम्फ नोड काढलेले नाहीत. खाली पूर्ण नाव घालून सही केली.

मीही दुसरा कागद लिहून फाइलला लावला. २१ एप्रिलचा माझा जबाब चुकीचा आहे, पेशंटच्या पतीने काहीही पुरलेले नाही, त्यांना दोनच बाटल्या दिल्या होत्या, तिसरी रिकामी होती आणि ती माझ्याजवळ आहे. पहिला कागद फाडावासा वाटला. फाडला नाही. दोन्ही राहू देत. साहेबांनी बोलावलं होतं, मी गेले नाही. उद्या नोकरीचं काय ते कळेल.

संध्याकाळपासून एकच वाक्य लिहायला घेते आहे, साहेबांनी माझा विश्वासघात केला असं. चूक नाही ते. त्यांनी माझा हात धरून लोटूवर सही करवली. पण हात माझा होता. त्यांनी एकदा म्हटलं आणि मी मानलं. लोटूने तीनदा म्हटलं आणि मी मानलं नाही. आणि चौथ्यांदा तो खोटं बोलला, ते मात्र लगेच मानलं. का मानलं, ते मला माहीत आहे. इथे लिहवत नाही.

कमलला निरोप पाठवला नाही. तिच्याआधी हे ज्याला कळायला हवं तो साडेसहाला सायकल काढतो.

उद्या: पहाटे सहाला नवागामला जाऊन, लोटू पाळीला निघायच्या आत, बाटली न धुता त्याच्या हातात देणे.